कालव्याच्या खालच्या अंगाला

चंदीगडला गेलात की पहाटे सुखना तलावावर जरूर जा. समोर शिवालिकच्या टेकड्या, काठावर फिरायला आलेली आजोबा-नातवंडे आणि संथ पाणी! १९५८ साली एका पावसाळी ओढ्याला बांध घालून हा तलाव तयार केला. पाहुण्याला वाटते, शहर हेच पाणी पीत असेल. पण चंदीगडच्या नळाला येणारे बरेचसे पाणी भाक्रा कालव्याचे. सुमारे तीस किलोमीटरवरच्या कजौली गावी ते उचलतात आणि मोठ्या नळांतून शहरात आणतात.

हाच कालवा पुढे हरियाणात जातो. त्याच्या फतेहाबाद शाखेलगत गोरखपूर गावी १३ जानेवारी २०१४ रोजी अणुवीज केंद्राची पायाभरणी झाली. प्रत्येकी ७०० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्यांची ही योजना. त्यांना लागणारे पाणीही कालव्याचेच. जमिनी द्यायला विरोध करणारे तिथले शेतकरी २०१० पासून धरणे धरून बसले होते. आमच्या पाण्याचे काय, हाही त्यांचा एक प्रश्न होता.

चंदीगड कालव्याच्या वरच्या अंगाला. त्यामुळे गोरखपूरला काही घडले तरी ते पाणी उलटे चढून इथे येणार नाही. पण खालच्या अंगालाही घरे आहेत, घरांत लेकरे आहेत.

ही भीती अडाणीपणाची म्हणावी का? जड पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्टीत ट्रिटियम तयार होते. ते पाण्याचाच भाग बनते; उकळून किंवा गाळून निघत नाही. कारवारजवळच्या कैगा केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये पन्नासहून अधिक कामगारांच्या लघवीत ते सापडले. ती गळती नव्हती. पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कोणीतरी मुद्दाम जड पाणी मिसळले होते, असे अधिकाऱ्यांनी सांगितले.

फुकुशिमाच्या अपघातानंतर २३ मार्च २०११ रोजी टोकियोच्या प्रशासनाने जाहीर केले, की एका जलशुद्धीकरण केंद्रात लिटरमागे २१० बेकरेल किरणोत्सारी आयोडीन आढळले आहे. तान्ह्या मुलांसाठी मर्यादा होती १०० ची. त्यांना नळाचे पाणी देऊ नका, असे आयांना सांगितले गेले आणि बाटलीबंद पाणी वाटले गेले. दुसऱ्याच दिवशी प्रमाण उतरले आणि सूचना मागे घेण्यात आली.

आकडा वाईट होता, पण तो लपवला नाही. म्हणून आई सावध राहू शकली. वीज तर हवीच. मात्र कालव्याकाठच्या घरालाही आपल्या पाण्याचा आकडा वेळेवर, आपल्या भाषेत कळायला हवा. सुखनाच्या काठी बसून पाण्याकडे पाहताना तेवढेच मागावेसे वाटते.