सही करण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी मावसबहीण दारात उभी राहिली. कडेवर लेक, पिशवीत एक स्टँप पेपर. "ताई, यावर सही केली की सुटले म्हणे मी!" कागद दिराने आणून दिलेला. दीड वर्षापासून ती माहेरीच होती.

मैत्रिणींनो, हे स्थळ मीच सुचवलेलं. सुरुवातीला ती रडत आली, तेव्हा "सोस जरा, होईल सगळं ठीक," असंही मीच म्हटलेलं. या खेपेला मात्र सल्ला द्यायला जीभ रेटेना. आम्ही थेट वकीलबाईंकडे गेलो.

त्यांनी कागद वाचला. पोटगी नको, दागिन्यांवर हक्क नाही, असं त्यात लिहिलेलं! "अशा कागदाने तुमचा घटस्फोट होणार नाही. तो कोर्टातच व्हायला हवा," त्या म्हणाल्या.

परस्परसंमतीची ही सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली कलम १३-ब ने आली. निदान एक वर्ष वेगळं राहिलेल्या जोडप्याने मिळून अर्ज करायचा. मग सहा महिने थांबून, अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा कोर्टापुढे जायचं. समेटाची आशा उरली नसेल आणि पोटगी, मुलं यांचं ठरलेलं असेल, तर कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. आणि मुख्य म्हणजे, हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते.

वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो.

बहिणीने नवा अर्ज केला. लेक तिच्याकडे, पोटगीची रक्कम ठरलेली, दागिन्यांची यादी जोडलेली. सहा महिने माफ करून घ्यायचे का, असं वकीलबाईंनी विचारलं, तर म्हणाली, "राहू देत. लग्नाच्या वेळी विचार करायला चार दिवसही मिळाले नव्हते."

मी मान खाली घातली.

सहा महिन्यांनी कोर्टात तिने कागद ओळन् ओळ वाचला, आणि मगच सही केली. संसार मोडावा असं कुणालाच वाटत नाही. पण मोडायचाच झाला, तर 'संमती' या शब्दात आपलीही संमती असू द्या, एवढंच सांगणं.