पहिली धार

माझे वडील दारूने गेले. आमच्या घरात हे वाक्य कधी कोणी उच्चारले नाही. दाखल्यावर यकृताचा विकार लिहिला होता आणि विचारणाऱ्यास आई 'कावीळ झाली' एवढेच सांगे. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. पुढे मी दारूच्या थेंबालाही शिवलो नाही. आपल्याकडच्या लग्नघरात हे व्रत पाळणे किती कठीण असते, ते वाचकांना सांगायला नको.

त्यामुळे ग्लासगोला नोकरीनिमित्त राहणारा माझा मुलगा, "पप्पा, आयलाला जाऊन व्हिस्कीचा कारखाना पाहू," म्हणाला तेव्हा मला रागच आला. (स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील त्या बेटाचा उच्चार खरोखरच तसा होतो, मराठी माणसाने पहिल्यांदा ऐकला की तो दचकतो.) पण मुलाने सुट्टी काढली होती. गेलो. केनाक्रेगच्या धक्क्यावरून बोटीने दोन तास लागले.

किलहोमन हा कारखाना एका शेतावर आहे. अँथनी विल्स यांनी तो २००५ साली सुरू केला. १२४ वर्षांत त्या बेटावर नवा कारखाना निघाला नव्हता. 'किल' म्हणजे चर्च. जवळच छप्पर गेलेले जुने चर्च उभे आहे आणि त्याच्या आवारात मध्ययुगात कोरलेला दगडी क्रूस. आधी मला तो दाखव, असा मी हट्ट धरला. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात त्या क्रूसासमोर उभे राहिल्यावर माझा राग थोडा निवला.

कारखान्यात शिरलो तो धान्याचा वास आला. तेथल्या शेतातले जव भिजवून फरशीवर पसरतात आणि मोड फुटू लागले की ते एकमेकांत गुंतू नयेत म्हणून फावड्याने उलटीपालटी करतात. आपल्या खळ्यावर भात वाळवताना बायका पायाने फिरवीत, तेच काम. मग ते मोड पीटच्या धुरावर सुकवितात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेल्या वनस्पतींचा थर. विटांसारखा कापून वाळवितात. त्या धुराचा वास पुढे बाटलीपर्यंत टिकतो. दळलेल्या माल्टातील साखर गरम पाण्यात उतरवून, यीस्ट घालून आंबविली, की ते पेय तांब्याच्या भांड्यांत दोनदा उकळून त्याची वाफ थंड करतात.

येथवर मी शाळेतल्या मुलासारखा ऐकत होतो. मग आमची वाटाडी एका काचेच्या पेटीजवळ थांबली. पूर्वी या पेटीला सरकारी अबकारी अधिकाऱ्याचे कुलूप असे. आत धार पडत होती. ती म्हणाली की जी धार प्रथम येते ती घेत नाहीत. तिच्यात घातक द्रव्ये असतात. ती बाजूला काढून पुढच्या खेपेत पुन्हा उकळतात. शेवटची धारही तशीच वळवितात. मधली तेवढी पिंपात जाते.

मी तिला पुन्हा सांगायला लावले. मुलाला वाटले, मला तिचे उच्चार कळले नाहीत.

आमच्या गावात ओढ्याकाठी काळा गूळ आणि नवसागर घालून हातभट्टी लागे. तिच्या पहिल्या धारेला मान असे. 'पहिल्या धारेची' म्हणजे अस्सल, महाग, मर्द माणसाने प्यायची. वडील मजुरीचे पैसे मोजून तीच मागत. दिवाळीपूर्वीच्या एका संध्याकाळी आईने मला त्यांना आणायला पाठविले होते, तेव्हा त्यांनी पेला उजेडात धरून मोठ्या अभिमानाने मला दाखविला होता. ज्ञानी माणसे जे टाकून देतात ते माझा बाप निवडून पीत होता.

पुढे आम्हांला गोदाम दाखविले. अमेरिकेतून आलेली बर्बनची पिंपे आणि स्पेनमधली शेरीची. कायद्याने किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात ठेवल्याखेरीज तिला स्कॉच म्हणता येत नाही. दर वर्षी सुमारे दोन टक्के हवेत उडून जाते. त्याला तेथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. आपल्या उष्ण हवेत देवदूतांना याच्या कितीतरी पट मिळते, असे मुलाने सांगितले. बेंगळुरूच्या 'अमृत'ने आपली सिंगल माल्ट २००४ साली प्रथम ग्लासगोतच विक्रीला आणली होती, हेही त्याच्याकडूनच कळले. या विषयात त्याला एवढी माहिती आहे याची मला चिंता वाटली, ती मी लपविली नाही.

शेवटी चाखण्यासाठी पेले आले. मी माझा पेला नाकाशी नेला. धूर, थोडा समुद्र, थोडी भाजलेल्या लिंबाची साल. ओढ्याकाठचा तो उग्र दर्प त्यात कोठेच नव्हता. मी पेला खाली ठेवला. मुलाने आपल्या पेल्यातील अर्धी घेतली आणि उरलेली तशीच सोडून उठला. ती त्याने माझ्यासाठी सोडली की त्याला पुरे झाली होती, हे मी विचारले नाही.

परतीच्या बोटीवर वारा फार होता. आम्ही आतल्या बाकावर चहा घेत बसलो. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही त्या पेटीपाशी एवढे का थांबलात?"

मग मी त्याला त्याच्या आजोबांविषयी सांगू लागलो. आधी ते विहिरी कशा खणत, ते सांगितले. धक्का यायला अजून दीड तास होता.