जीपला ट्रॅक्टरचं इंजिन

गाडीची किल्ली फिरवली, काढून खिशात टाकली आणि तरीही इंजिन धडधडतच राहिलं, असं तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय. तेव्हा मी सातवीत होतो. आण्णा घरात जेवायला गेले होते आणि जाता जाता मला म्हणाले होते, "गाडी बंद कर रे." मी ऐटीत किल्ली फिरवली. इंजिन चालूच! पुन्हा फिरवली, तरी चालूच. शेवटी मी घाबरून घरात पळालो आणि ओरडलो, "आण्णा, गाडीत भूत शिरलंय!"

भूत वगैरे काही नव्हतं. आमच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलेलं होतं, त्याची ही गंमत.

आमचं गाव देवणी. लातूर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. देवणी म्हटलं की लोकांना आठवतात ते बैल. वान्नेरा, बालंक्या आणि शेवेरा अशा तीन तऱ्हा या जातीत आहेत. वान्नेरा पांढराशुभ्र, पण तोंडावर काळा. शेवेऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. आमच्या आबांचं सगळं आयुष्य या बैलांत गेलं. आण्णांचा जीव मात्र गाडीत. त्यांनी एक जुनी विलीज जीप घेतली होती. मागची बाकडी काढून तिथं लोखंडी हौदा ठोकला होता. त्यातून दुधाचे कॅन, पेंडीची पोती, कधी हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला जाणारी माणसं, असं काहीही जायचं. आजच्या भाषेत तिला पिकअप म्हणा.

तिचं पेट्रोल मात्र परवडेना. त्या काळी डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. सरकारच डिझेलचा भाव खाली धरून ठेवायचं. ते धोरण पुढं 2014 साली संपलं. शिवाय तेवढ्याच अंतराला डिझेल इंजिन इंधनही कमी पितं. म्हणून 1987 च्या उन्हाळ्यात आण्णांनी एका मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचं इंजिन विकत आणलं. ट्रॅक्टर होता इंटरनॅशनल बी-275.

आबा म्हणाले, "कायला हे येड? बैलाला घोड्याचं काळीज बशिवतंय का कुनी?"

पण उदगीरचे मिस्त्री हसले. त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. जीप बनवणारी महिंद्रा कंपनी 1963 पासून इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर ट्रॅक्टरही बनवत होती. 1973 साली जगभर तेल महागलं. त्यानंतर महिंद्रानं स्वतःच या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन आपल्या जीपमध्ये बसवलं होतं. पुढं त्यांनी फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनवायला घेतलं. त्याचं नाव एक्सडीपी 4.90. म्हणजे सिलिंडर चार आणि प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर! नावातच माप. थोडक्यात, कंपनीनं जे केलं तेच आपण झाडाखाली करायचं, असं मिस्त्रींचं म्हणणं.

हे वेड आपल्याकडचंच, असं मात्र समजू नका. इंग्लंडमध्ये फ्रँक पर्किन्स यांच्या कंपनीनं 1937 साली पी-6 नावाचं डिझेल इंजिन काढलं. कितीतरी पेट्रोल ट्रकांची इंजिनं उतरवून तिथं हे चढवलं गेलं. अमेरिकेत हौशी लोक पाव वाटणाऱ्या मोटारींतलं कमिन्सचं चार सिलिंडरचं इंजिन काढून जुन्या पिकअपमध्ये बसवतात. त्याचाच सहा सिलिंडरचा थोरला भाऊ आपल्याकडच्या टाटांच्या ट्रकांत धावला. गुजरातेत बुलेटच्या तोंडाला डिझेल इंजिन जोडून छकडा रिक्षा झाली. आणि उत्तरेत पाण्याच्या पंपाचं इंजिन लाकडी गाड्यावर बसवून 'जुगाड' झालं. ते मला कधीच आवडलं नाही. त्याला ना धड ब्रेक, ना नंबर.

तर आमची जीप. कडुलिंबाच्या फांदीला साखळदंड आणि चेनकप्पी बांधून जुनं इंजिन वर काढलं. मी तिथून हललो नाही, जेवायलाही नाही. मला वाटलं होतं, एक काढलं की दुसरं ठेवायचं, चार बोल्ट आवळायचे, झालं. पण नवं इंजिन खाली सोडलं आणि एकेक भांडण सुरू झालं. जीपच्या गिअरबॉक्सची भोकं आणि इंजिनाची भोकं जुळेनात. मग मधे एक जाड लोखंडी प्लेट लेथवरून करून आणली. तिचा मध्य केसभर चुकला होता, म्हणून क्लच दाबला की किर्र आवाज यायचा. सगळं पुन्हा उतरवलं. मग इंजिनखालचा ऑइल चेंबर पुढच्या ॲक्सलला टेकू लागला. तो कापून, वेल्डिंग करून उथळ केला. रेडिएटर पुढं सरकवला. इंजिन जास्त जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं. तीन दिवसांचं काम तीन आठवडे चाललं.

आता किल्लीचं भूत. पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी पडते तेव्हा पेट्रोल पेटतं. किल्ली बंद केली की वीज बंद, ठिणगी बंद, इंजिन बंद. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. सायकलीत हवा भरताना पंपाचं तोंड गरम लागतं ना? तेच इथं होतं. हवा इतकी दाबली जाते की ती भयंकर तापते आणि त्यात नोझलमधून डिझेलचा फवारा आला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं 1897 साली असं इंजिन चालवून दाखवलं, आणि त्याचं आडनावच इंजिनाला आणि तेलाला चिकटलं. म्हणून आमच्या जीपला बंद करायचं तर डिझेलच तोडावं लागे. त्यासाठी डॅशबोर्डखाली एक तार होती, तिला 'स्टॉपर' म्हणायचे. ती ओढली की इंजिन थांबे.

वेगाचं काय झालं? जरा वही घ्या. जीपचं जुनं इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेऊ शके. ट्रॅक्टरचं इंजिन 2000 च्या आसपासच दमायचं. टॉप गिअरमध्ये इंजिनाचे 5.38 फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो, कारण मागच्या डिफरन्शियलचे दातेच तसे असतात. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरा. आता 2000 ला 5.38 नं भागा, 2.25 नं गुणा, मग 60 नं गुणा आणि मीटरचे किलोमीटर करा. ताशी पन्नास! जुन्या इंजिनाचा आकडा याच्या दुप्पट येतो. शिवाय सत्तरच्या वर हॉर्सपॉवर होती, ती पस्तीसच राहिली. चढ आला की सायकलवाले आमच्याकडं बघून हसायचे.

आबा तेव्हा ओसरीवरून म्हणाले होते, "आरं, जू एक असलं तरी खांदे दोन असत्यात. एक बैल तेज आन एक मंद असला की आधी जू तुटतंय, न्हाईतर मान." आण्णांना राग आला. मला मात्र ते पटलं. अजूनही पटतं.

त्याच वर्षी जुलैत माझ्या धाकट्या बहिणीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले, ती हाकेला ओ देईना. आईनं मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पण ते पोटात ठरत नव्हतं. रात्री नऊला उदगीरच्या दवाखान्याला निघालो. पुढं आण्णा, मी आणि आईच्या मांडीवर बहीण. गाव सोडलं आणि पावसानं झोडपायला सुरुवात केली. आण्णांनी वायपरचं बटण फिरवलं. वायपर हललाच नाही.

तुम्ही म्हणाल, बिघडला असेल. बिघडला नव्हता! जुन्या विलीजचा वायपर विजेवर चालत नसे. पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं, पण वाटेतली झडप अर्धी मिटलेली असते. त्यामुळे आतल्या नळीत ओढ तयार होते, शीतपेय नळीनं ओढताना तुमच्या तोंडात होते तशी. त्या ओढीवर वायपर हले. डिझेल इंजिनाच्या वाटेत अशी झडपच नसते. हवा मोकळी आत जाते, मग ओढ कुठली? उन्हाळ्यात इंजिन बदललं, सगळं तपासलं, पण पाऊस नसल्यानं वायपर कुणी लावूनच पाहिला नव्हता.

वायपरला आतून हातानं हलवायचा एक लहानसा दांडा होता. आण्णा म्हणाले, "हलव. थांबू नकोस." मी तो दांडा डावीकडं-उजवीकडं हलवत राहिलो. मनगट भरून आलं की हात बदलायचा. ताशी पन्नास तर लांबच, आम्ही वीसनं चाललो होतो. आई सारखी विचारत होती, "आलं का?" ते मला आजही ऐकू येतं.

वाटेत एका ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं. आण्णांनी उतरून काठीनं खोली पाहिली, गुडघ्याच्या खाली. पहिल्या गिअरमध्ये हळूहळू घातली. पेट्रोल इंजिन असतं तर पंख्यानं उडवलेलं पाणी करंटच्या वायरींवर जाऊन ते मधेच बंद पडायची भीती. याला करंटच नको, त्यामुळे ते धक धक करत पलीकडं गेलं. पण हे शौर्य समजू नका. हवेच्या नळीतून पाणी आत गेलं असतं तर इंजिनाचा दांडा वाकून सगळं तिथंच संपलं असतं, आणि वाहत्या पाण्यानं गाड्या लोटून नेल्याचं आपण दर पावसाळ्यात वाचतो. आण्णा पुढं कैकदा म्हणायचे, "त्या रात्री मी चुकलो असतो."

बहिणीला सलाईन लागली. पहाटे तिनं पाणी मागितलं. आण्णा बाहेर जाऊन जीपच्या बॉनेटला टेकून उभे राहिले, बराच वेळ.

दुसऱ्याच आठवड्यात विजेवरचा वायपर बसवला. इंजिन नंबर आरसी बुकात बदलून घ्यायला आण्णांना किती खेटे घालावे लागले, ते सांगत नाही. आता तर असा बदल सहजी करताच येत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2019 च्या निकालानं गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफाराला मनाई आहे. मला विचाराल तर ते बरंच आहे. आमच्या जीपचे ब्रेक मूळचेच होते, इंजिन मात्र जास्त जड. त्याचा विचार आम्ही कुठं केला होता?

हल्ली जुन्या गाडीचं इंजिन काढून तिथं बॅटरी आणि मोटर बसवतात, तपासून मंजूर झालेली. परवा असं काम चाललेलं पाहिलं. त्या पोरांना मी पहिला प्रश्न विचारला, "वायपर लावून पाहिलात का?" ती माझ्याकडं बघतच राहिली.

जीप पुढं गंजून मोडीत गेली. इंजिन आण्णांनी ठेवून घेतलं आणि विहिरीवर पंपाला जोडलं. तिथं त्याला ना गिअर, ना चढ, ना घाई. आबांच्या हयातीत ते रोज चाललं. संध्याकाळी स्टॉपर ओढायचं काम माझ्या बहिणीकडं होतं.