दिवा विझला, तेलाचे काय?



गेली काही वर्षे आम्ही आमच्या मोटारीच्या इंजिनचे तेल इथे इंदूरला घरच्या अंगणातच बदलतो. चार पैसे वाचतात हे खरे. पण काम नीट झाले की नाही हे आपल्या डोळ्यांनी दिसते, हा त्याहून मोठा लाभ.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, चाकांना दगडाची अटकण द्यावी. इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे, म्हणजे तेल पातळ होऊन पूर्ण उतरते. तेलाच्या या गुणाला आम्ही कॉलेजात हिंदी माध्यमातून 'श्यानता' म्हणून शिकलो. घरी त्यालाच दाटपणा म्हणत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये, मजबूत स्टँड हवेतच. मुलांनी पाना द्यावा आणि लांबून पाहावे.

खालचा बोल्ट काढून तेल तसराळ्यात घ्यावे. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. दोन रिंगा एकावर एक बसल्या की तेल गळते. नव्या रिंगेला तेलाचे बोट लावून फिल्टर हातानेच घट्ट करावा. बोल्टला नवा वॉशर घालावा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल सांगितल्या मापानेच भरावे. डब्यावरच्या '५डब्ल्यू-३०' मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, थंडी. इंजिन थोडे चालवून बंद करावे आणि पाच मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी पाहावी. जुने तेल नालीत ओतू नये, आपल्या नाल्या कान्ह नदीलाच मिळतात. ते डब्यात भरून, जुने तेल रीतसर गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

आता राहिला समोरचा मेंटेनन्सचा दिवा. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत किल्ली बंद असताना ट्रिपचे बटण दाबून धरायचे, तसेच धरून किल्ली 'ऑन'वर न्यायची, आणि दिवा विझेपर्यंत बटण सोडायचे नाही. असा दिवा फक्त किलोमीटर मोजतो, तेलाविषयी त्याला काहीच ठाऊक नसते. तेल न बदलता बटण दाबले तरी तो तितक्याच आज्ञाधारकपणे विझतो. तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा मात्र वेगळा. तो इंजिनला तेलाचा दाब मिळत नसल्याचे सांगतो. तो चालत्या गाडीत लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे.

हे सारे शाळेच्या अंकात कशासाठी? प्रवेश-अर्जातील मातृभाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहिले की आपलाही एक दिवा विझतो. निकालपत्रकात मराठीत उत्तीर्णांची संख्या भरली की दुसरा. पण तीच मुले आजीचे पत्र वाचताना अडखळतात, 'ळ' आला की 'ल' म्हणतात आणि घरी हिंदीतच उत्तर देतात. हिंदीने आम्हाला पदवी दिली, भाकरी दिली, तिच्याशी आमचे भांडण नाही. पण आमची मराठी टिकली ती कोणत्याही रकान्यामुळे नव्हे. रात्री जेवताना घरात ती बोलली जात होती म्हणून.

म्हणून पालकांना विनंती, रोज रात्री दहा मिनिटे मुलांकडून मराठी मोठ्याने वाचून घ्या. आणि विश्वस्त महोदयांना विनंती, पुढच्या बैठकीला येण्यापूर्वी अर्धा तास पाचवीच्या वर्गात बसा, मुलांचे वाचन ऐका. टक्केवारीचा तक्ता आम्ही त्यानंतर दाखवू.