सायलेन्सर, बंपर आणि वाड्याची झोप

आमच्या शिरगावात कोणी गाडीखाली शिरले तर त्याचे नवल वाटत नाही. डिचोली तालुक्यातले हे गाव बाहेरच्यांना श्री लईराई देवीच्या जत्रेमुळे आणि होमकुंडातून जाणाऱ्या धोंडांमुळे ठाऊक असते. माझ्या पिढीने मात्र लहानपणी रस्त्यावर पाहिले ते खनिज वाहणारे टिपर. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, मध्ये काही काळ चालू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. माझ्या काकांनीही टिपर विकला. तो दुरुस्त करता करता शिकलेले वेल्डिंग तेवढे त्यांच्या हातात राहिले. आता ते गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवतात.

म्हणून आमच्या जुन्या गाडीचा सायलेन्सर गंजून फुटला, तेव्हा काका म्हणाले, "मीच बांधतो." आमची गाडी शिरगाव ते डिचोली, फार तर म्हापशापर्यंत जाते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही होते. लांबच्या प्रवासात ती तापलेल्या नळीतून निघून जाते. थोड्या अंतरात नळी पुरती तापत नाही, मग पाणी डब्यात साठते आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून आपला पाऊस असतोच.

काकांनी स्टेनलेस स्टीलचा डबा बांधला. तो जुन्यापेक्षा जाड झाला आणि शेवटची नळी बंपरच्या खालच्या कडेला अडू लागली. बंपर थोडा कापावा लागणार होता. तेव्हा माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या चुलतभावाने मनातले सांगून टाकले. "दादा, एवढं करतोच आहोत तर डबाच काढूया ना. सरळ नळी टाकूया. काय आवाज येईल!"

काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. वीस वर्षे टिपरच्या उघड्या खिडकीशी बसून त्यांचा उजवा कान मंदावला आहे. आपण त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलतो, हे त्या पोराला जन्मापासून ठाऊक. "आवाज करायला डोकं लागत नाही रे," ते शेवटी म्हणाले, "कमी करायला लागतं."

शेजारच्या घरात तेव्हा दीड महिन्याचे बाळ होते आणि आमची आजी पुढच्या खोलीत झोपते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आवाज दहा डेसिबलने वाढला की कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. कायद्याचा धाकही आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत नियमबाह्य बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराचे नियम मोडल्यास दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. त्यामुळे वाहतूक कार्यालयात विचारून आल्यावरच आम्ही काम धरले.

बाहेरून दिसणारा बंपर म्हणजे नुसते प्लास्टिकचे आवरण. धक्का झेलणारी आडवी पट्टी आत असते, तिला हात लावायचा नाही. आवरण बहुधा पॉलिप्रोपिलीनचे असते. ते १६० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याआधीच मऊ पडते. त्यामुळे नळीभोवती मोकळी जागा हवी. काकांनी चारी बाजूंनी दोन बोटे अंतर धरले, कारण नळी रबराच्या कड्यांवर टांगलेली असते, इंजिनाबरोबर हलते आणि तापली की लांबते.

चवथीच्या मखरातला उरलेला पुठ्ठा कापून चुलतभावाने फर्मा केला. बंपर उतरवून त्यावर कागदी टेप लावली आणि रेघ आखली. ग्राइंडर काकांनी बाजूला ठेवायला लावला, कारण त्याच्या वेगाने प्लास्टिक वितळून पात्याला चिकटते. करवतीचे बारीक दातांचे पाते घेतले. कोपऱ्यांना आधी ड्रिलने गोल भोके पाडली, कारण टोकदार कोपऱ्यातून पुढे चीर जाते. रेघेच्या आत कापायचे आणि उरलेले कानशीने घासत रेघेपर्यंत यायचे, कारण कापलेले प्लास्टिक परत येत नाही. मग पॉलिश पेपर, आणि आतून उष्णता अडवायला ॲल्युमिनियमचा पत्रा. या कामात पोराची सबंध दुपार गेली. फोन त्याने एकदाही पाहिला नाही.

नळीचे तोंड बंपरच्या किंचित बाहेर ठेवले. ते आत राहिले तर धूर मागे कोंडतो आणि डिकीच्या फटीतून गाडीत शिरू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, म्हणून तो अधिक घातक. पण फार बाहेरही नको, नाहीतर लहान मुलांचे पाय भाजतील. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागच्या जागी ठेवला आणि नंतर प्रदूषण तपासणी करून घेतली.

गाडी चालू केली, तेव्हा काकांनी डावा कान मागे नेऊन ऐकले आणि मान डोलावली. शेजारचे बाळ झोपलेलेच होते. चुलतभावाचा चेहरा थोडा उतरला होता, पण चार दिवसांनी मित्र आले तेव्हा तो त्यांना वाकून बंपरची कड दाखवत होता, "हे मी कापलंय."

मंडळातल्या तरुण मुलांना गाडीवर हात चालवायची हौस असेल तर जरूर करा. आपल्याकडे असे काका अजून आहेत, त्यांच्याकडून शिका. फक्त करवत लावण्याआधी वाहतूक कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारा, आणि शेजारी कोण झोपले आहे तेही बघा.