कागद आधी वाचा, स्क्रू मग फिरवा

नवा टीव्ही घरी आला की खोक्यातली एकच वस्तू कुणाला नको असते: सोबतचा माहितीचा कागद. थर्माकोलसुद्धा मुलं जपून ठेवतात, कागद मात्र कपाटाखाली जातो. कारण साधं आहे. तो इंग्रजीत असतो. कधी हिंदी असते, मराठी क्वचित, आणि उर्दू मी तरी अजून पाहिलेली नाही.

मी कल्याणच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. यंत्र हा माझा विषय नाही. पण लिहिलेलं वाचणं आणि वाचायला शिकवणं हा आहे, म्हणून हे लिहिते.

मुंब्र्याला कौशात आमच्या शेजारी एक खाला राहतात. एका दुपारी त्यांच्या टीव्हीवर इंग्रजीत काहीतरी आलं. खाली एक पट्टी हळूहळू पुढे सरकत होती, ती मध्येच थांबली. खालांना वाटलं, टीव्ही अडकला. असरची वेळ झाली होती. त्यांनी रोजच्यासारखं भिंतीवरचं बटण बंद केलं आणि नमाजला उठल्या. नंतर त्या टीव्हीचा फक्त लाल दिवा लागला, चित्र आलंच नाही. मेकॅनिकने बोर्ड बदलायला सांगितला. घरातले सगळे खालांवर चिडले. मला ते पटलं नाही. खाला रोज उर्दू वर्तमानपत्र वाचतात. पडद्यावर 'बंद करू नका' असंच लिहिलं होतं, पण त्यांना वाचता येईल अशा भाषेत नव्हतं.

त्या पट्टीमागे काय चाललं होतं, ते समजून घेऊ. यंत्राच्या आत ते सुरू कसं व्हायचं, पडदा कसा पेटवायचा याच्या सूचना कायमच्या लिहून ठेवलेल्या असतात. त्याला फर्मवेअर म्हणतात. हा शब्द ॲशर ओप्लर यांनी १९६७ मध्ये वापरात आणला. हार्डवेअर कठीण, सॉफ्टवेअर मऊ, आणि दोघांच्या मधलं ते फर्म, म्हणजे घट्ट. या सूचना फ्लॅश मेमरीत असतात आणि तिथे नवं लिहिण्याआधी जुनं पुसावं लागतं. आमच्या फळ्यासारखंच. फळा पुसला आणि नवा धडा लिहून व्हायच्या आत वीज गेली, तर यंत्राकडे जुना धडाही नसतो आणि नवाही. सुरू कसं व्हायचं हेच त्याला आठवत नाही. अशा यंत्राला इंग्रजीत 'वीट' म्हणतात.

यावर उपाय निघाले आहेत. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून दोन जागांची सोय आली. चालू सूचना तशाच ठेवून नव्या शेजारच्या जागेत लिहायच्या आणि जमलं नाही तर जुन्यावर परत यायचं. पण प्रत्येक यंत्रात ही सोय नसते. स्वस्त टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर यांच्यात ती आहे असं धरून चालू नये. आणि सोय असूनही घोटाळा होतो. जानेवारी २०२१ मध्ये शाओमीच्या 'मी ए-३' फोनला अँड्रॉइड ११ चं अपडेट आलं आणि अनेकांचे फोन बंद पडले. कंपनीने अपडेट थांबवलं आणि फोन मोफत दुरुस्त करून दिले. म्हणून अपडेट आल्या आल्या घाई करू नये. चार दिवस थांबलं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

आमच्या शाळेत पालकांच्या वर्गणीतून ४३ इंची टीव्ही आला, तेव्हा तो बरेच दिवस मुख्याध्यापकांच्या खोलीत चादरीखाली होता. वर चिठ्ठी: हात लावू नये. लोकांच्या पैशाची वस्तू आहे, भीती मला समजते. पण चादरीखालचा टीव्ही कुणाला काही शिकवत नाही. मग नववीच्या मुलींना घेऊन मी तो कागद वाचायला बसले. शब्द अडला की शब्दकोश, शब्दकोशात नसला तर विज्ञानाचे सर.

वाचल्यावर कामांचा क्रम ठरला. आधी मागच्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्यायचा आणि फोटो काढायचा, कारण टीव्ही भिंतीवर गेला की ती पट्टी दिसत नाही. यूएसबीची जागाही बऱ्याचदा मागेच जाते. म्हणून अपडेट करायचं असेल तर टीव्ही टेबलावर असतानाच करावं. फाइल फक्त कंपनीच्या साइटवरून घ्यायची आणि मॉडेलचं शेवटचं अक्षरही जुळवून बघायचं. त्या दिवशी महावितरणचा वीज बंद राहण्याचा संदेश नाही ना, ते बघायचं. शक्य असेल तर टीव्ही इन्व्हर्टरवर लावायचा. पट्टी थांबलेली दिसली तरी हात मागे.

मग भिंत. टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांमधलं अंतर ठरलेलं असतं, उदाहरणार्थ २०० बाय २०० मिलिमीटर, आणि स्टँड त्याच मापाचा लागतो. स्क्रूही कागदात सांगितलेलाच हवा. आखूड असला तर वजन धरत नाही, लांब असला तर आतल्या बोर्डला टोचतो. भिंत ठोकून बघायची. जुन्या विटेच्या भिंतीत चालणारी साधी गिट्टी नव्या इमारतींच्या सिपोरेक्स ब्लॉकमध्ये सैल पडते, तिथे त्या ब्लॉकसाठीची वेगळी गिट्टी लागते. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल मारायचं नाही, आत वायर असते. ओल आलेली भिंत नकोच. भोकं अनुभवी माणसानेच पाडली. पण 'कुठे' आणि 'कोणता स्क्रू' हे मुलींनी त्याला विचारलं, तेव्हा त्यानेही खिशातला स्क्रू परत ठेवून खोक्यातला काढला. सात-आठ किलोचं वजन आहे आणि त्याच्याखाली पहिला बाक आहे. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

आता त्या टीव्हीच्या स्विचशेजारी मुलींच्या अक्षरातलं एक कार्ड आहे, वर उर्दूत, खाली मराठीत: 'पट्टी पूर्ण होईपर्यंत हे बटण बंद करू नका.' तसंच एक कार्ड मी खालांच्या घरी लावून आले. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाल्या, "इतकंच होतं? मग तेव्हाच का नाही लिहिलं?"

हा प्रश्न टीव्ही बनवणाऱ्यांसाठी आहे. त्यांचं उत्तर येईपर्यंत आपापल्या घरातला कागद कपाटाखालून काढा, आणि घरात इंग्रजी येणारं कुणी असेल तर एकदा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून सांगायला लावा.