शिवेवरची देवी

खंडेनवमीला आमच्या बेळगावजवळच्या पिरनवाडीच्या घरात पहिला मान विळ्याचा. मग कोयता, खुरपं, वडिलांचा पाना. आजी हळदीचं बोट पात्याच्या पाठीवरून ओढायची, धारेला मात्र लावायची नाही. घासून घासून पातं मधोमध चंद्रकोरीसारखं आत गेलेलं, मूठ तिच्या तळव्याच्या मापाची झालेली. "अंबाबाई हाय ती," एवढंच म्हणायची.

बेलोनाबद्दल वाचताना मला तो विळा आठवत राहतो. बेलोना ही रोमनांची युद्धदेवता. बेलम म्हणजे युद्ध, त्यावरूनच तिचं नाव. इ.स.पू. 296 मध्ये रोमन सेनानी आपियस क्लॉडियसनं लढाईत तिला देवळाचा नवस बोलला. देऊळ झालं, पण नगराच्या पवित्र वेशीबाहेर. जिंकून आलेल्या सेनापतीलाही वेशीबाहेरच थांबावं लागे. सिनेट त्याला भेटायला तिथं येई. देवळापुढं एक खांब होता, त्याचीही एक गोष्ट आहे. युद्ध पुकारायचं तर शत्रूच्या भूमीत भाला फेकायचा, ही रीत. पण रोमचा शत्रू राजा पिऱ्हस, त्याचं राज्य पडलं समुद्रापलीकडं. मग म्हणे त्याच्या एका पकडलेल्या सैनिकाला त्याच भागात जमिनीचा तुकडा विकत घ्यायला लावला. झाली ती शत्रूची जमीन, आणि भाला तिच्यात रोवला गेला.

इथं मी पुस्तक मिटलं. खरेदीखताच्या एका कागदानं पायाखालची माती परकी होते, हे सीमाभागातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. आजीचं शेत होतं तिथंच होतं.

बेलोनाचं नाव पुढं कुठं कुठं गेलं! 74 तोफांचं ब्रिटिश जहाज बेलोना 1801 च्या कोपनहेगनच्या लढाईत उथळ पाण्यात रुतून बसलं. 1 मार्च 1854 ला रॉबर्ट लूथर यांना एक लघुग्रह सापडला. क्रिमियाचं युद्ध पेटत होतं म्हणून त्यालाही तिचंच नाव दिलं. आकाशातल्या निरुपद्रवी दगडालासुद्धा. आमच्याकडंही महाराजांची तलवार भवानी. पण भवानी पेठेत माणसं संसार करतात, कोल्हापूरच्या भवानी मंडपात पोरं खेळतात, आणि लेकीचं नाव दुर्गा ठेवताना कुणाचा हात थरथरत नाही. देवी घरात आली, ती घरचीच झाली. मला हे फार मोलाचं वाटतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी सगळं गाव शीव ओलांडायला निघे. टोपीत घटातलं पिवळं रुजवण, हातात आपट्याची पानं. "सोनं घेऊया, सोन्यासारखं ऱ्हाऊया." वाटेत शेजारच्या शेतातला कन्नड म्हातारा थांबे. तोही पानं पुढं करी: "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." बोलणं तेच, पानं तीच. आजी ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि घरी येऊन विळ्यापाशी ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विळ्याची हळद पुसायची नाही. तशीच गवताला निघायची.